लपलेल्या चौऱ्याहत्तर ओळी

टेबलावर कागदाच्या चार ओल्या गुंडाळ्या होत्या. प्रत्येकीत शंभर, म्हणजे एकूण चारशे दाणे. सोयाबीन, लॉट नंबर २२१७, कारंजा केंद्र, आठवा दिवस. मी कागद उलगडून एकेक रोप चिमट्यानं बाजूला ठेवत गेले. नीट उगवलेली दोनशे बारा. मूळ खुंटलेली नाहीतर शेंडा मोडलेली, म्हणजे आमच्या भाषेत विकृत, सत्तावन्न. पाणी न प्यालेले कडक दाणे आठ. मेलेले एकशे तेवीस. बेरीज चारशे. उगवण त्रेपन्न टक्के. सोयाबीनला सत्तर लागते.

पुन्हा मोजू का, असं मी समोर बसलेल्या कौतिकाबाईंना विचारलं. त्यांनी आपल्या गुंडाळीवरून नजर काढली नाही.

"मेलेला दाणा दुसऱ्यांदा मोजला म्हून जिता होत नाई," त्या म्हणाल्या. "लिही नापास."

मी कार्डावर नापास लिहिलं आणि दुपारी संगणकावरच्या मोठ्या शीटमध्ये तो आकडा भरला. ती तारीख सत्तावीस मे. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

अकोल्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीची ती तपासणी प्रयोगशाळा. मी तेवीस वर्षांची होते, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केली होती आणि विश्लेषक म्हणून लागले होते. निकालाच्या कागदावर खाली माझी सही असायची. हर्षला तायडे. पण त्या सत्तावीस तारखेला मी मोजणीच्या टेबलावर रोजंदारीच्या बायकांमध्ये बसलेली होते. तिथं मला बसवलं होतं आमचे प्रमुख विवेक राजूरकर यांनी, आणि का, ते सांगायला तीन आठवडे मागं जावं लागेल.

आमच्याकडे सगळ्या लॉटची एकच शीट होती. एका लॉटला एक ओळ. दर शनिवारी त्यातून नापास लॉट वेगळे काढून त्यांची यादी छापायची आणि ती गोदामाच्या फळ्यावर लावायची. गोदामवाले यादीतल्या थप्प्यांना लाल चिठ्ठी अडकवायचे, की झालं. पास लॉटची यादी अशी नव्हतीच. जे थांबवायच्या यादीत नाही, ते ट्रकवर चढणार, असा सरळ हिशोब. म्हणजे यादीतून एखादी ओळ गळली, तर ती गळली हे सांगणारं पुढे कुणीच नव्हतं.

सात मेच्या शनिवारी यादी मी काढली. नऊ लॉट निघाले. यादी लावली, घरी गेले. रविवारी एक ट्रक मूर्तिजापूरहून परत बोलवावा लागला, कारण नापास लॉट नऊ नव्हते, चौदा होते. राहिलेल्या पाच ओळी शीटमध्येच होत्या, पण लपलेल्या. राजूरकर सरांनी शुक्रवारी आपल्या कामासाठी फिल्टर लावून, म्हणजे बियाणं येतं त्यांपैकी एका केंद्राच्या ओळी लपवून, बाकीचे लॉट बघितले होते आणि तो फिल्टर तसाच ठेवून फाईल बंद केली होती. तो फिल्टर उजवीकडे अगदी शेवटच्या रकान्यात, पडद्याबाहेर. त्याची खूण म्हणजे नाचणीच्या दाण्याएवढं एक नरसाळं. आणि डावीकडचे ओळींचे आकडे काळ्याचे निळे होतात, तेही उन्हाच्या खिडकीसमोर बसलात तर कळत नाही. माझी जागा खिडकीसमोर होती.

सोमवारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. अकरा माणसं होती. मी सांगायचा प्रयत्न केला की फिल्टर आधीपासून होता, मी लावलेला नव्हता. तो कुणी लावला ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

"फिल्टर दिसला नाही?" सर म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "एम.एस्सी. ना तू, तायडे? आधी डोळे तपासून घे. तोवर मोजणीला बस. दाणे तरी दिसतात ना?"

दोघं हसले. कोण ते मला आजही आठवतं. त्याच दिवशी सह्या करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव निघालं आणि नोकरी कायम करायचं पत्र पुढं ढकललं गेलं. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. घरचे अजून शेजाऱ्यांना सांगत होते की कंपनीच्या प्रत्येक पिशवीमागं आमच्या पोरीची सही असते.

माणूस अपमान विसरतो म्हणतात. माझं तसं नाही. मी तो नोंदवून ठेवते, तारखेसकट.

मोजणीच्या टेबलावर कौतिकाबाई एकोणीस वर्षं होत्या. बोरगावच्या पुढं त्यांची दोन एकर होती, ती त्या स्वतः पेरायच्या, आणि उरलेल्या दिवसांत आमच्याकडे दाणे मोजायच्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. गुंडाळ्या ठेवायचं जे उबदार कपाट असतं, जर्मिनेटर, त्यातून काही गुंडाळ्या बाहेर काढल्या असतील तर त्याच्या मुठीला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. नाहीतर दुसरी बाई येऊन, आत आहे तेवढंच आहे असं समजून हिशोब लावते. दोरा हातभर लांब होता. मी विचारलं, एवढा लांब कशाला.

"बाहेर काई हाय हे दुरून दिसलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "जवळ येऊनच दिसनार असंल तं बांधून काय फायदा."

मी त्या दोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. राजूरकर सरांना कसं पाडायचं ते मला तिथं सापडलं.

जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या लॅपटॉपवर काम करू लागले. शीटमध्ये सगळ्या ओळी मोजणारं एक सूत्र असतं आणि फक्त दिसणाऱ्या ओळी मोजणारं दुसरं. दोन्ही आकडे सारखे नसतील तर फिल्टर चालू आहे, इतकं साधं. पहिल्यांदा मी एक चौकोन लाल होईल असं केलं. पण शीट खाली सरकवली की तो चौकोन वर निघून जायचा. मग वरची ओळ जागेवर गोठवली. तरी उजवीकडे गेलं की तो दिसेना. तिसऱ्या खेपेला या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध पट्टी लाल केली, तिच्यात जाड अक्षरं, दर चार रकान्यांनंतर तेच वाक्य पुन्हा: इतक्या ओळींपैकी इतक्या दिसत आहेत, इतक्या लपल्या आहेत, फिल्टर अमुक रकान्याला. फिल्टर काढला की पट्टी पांढरी.

माझ्या डोळ्यांना ती दिसत होती, पण तो पुरावा नव्हे. मी पडद्याची चाळीस चित्रं तयार केली. वीस जुन्या शीटची, वीस नव्या. निम्म्यांत फिल्टर चालू, निम्म्यांत बंद, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. प्रत्येक चित्र तीन सेकंद. कौतिकाबाईंनी फक्त सांगायचं, काही लपलंय की नाही. निळे आकडे आणि नरसाळं म्हणजे काय ते आधी समजावून सांगितलं होतं. जुन्या शीटवर वीसपैकी अकरा बरोबर आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी जवळपास तितकेच आले असते. नव्या शीटवर वीसपैकी वीस.

कौतिकाबाई खूश झाल्या. सरांना दाखवलं का, असं त्यांनी विचारलं.

"दाखवीन," मी म्हटलं.

"कवा?"

"वेळ आली की."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "दोरा खिशात ठून काय करतं?" एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

पण मला तो खिशातच ठेवायचा होता. पट्टी आज लावली असती तर सरांना आपला फिल्टर दिसला असता, त्यांनी तो काढला असता आणि माझ्या पाठीवर थाप मारून तीच पट्टी आपल्या नावावर वरती पाठवली असती. मला त्यांची सोय करायची नव्हती. ते सगळ्यांसमोर, माझ्यासारखे, उभे राहायला हवे होते.

म्हणून मी पट्टी मोठ्या शीटमध्ये बसवली ती झोपवून. कोपऱ्यातल्या एका चौकटीत शून्य असेल तर काही दिसणार नाही, एक लिहिलं की पट्टी जागी होईल. तिच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅमही ठेवला. फाईल कुणी उघडली, फिल्टर कुणी लावला, कुणी तो न काढता फाईल बंद केली, ते नाव आणि वेळेसह एका लपवलेल्या पानावर उतरायचं. आकडे भरण्यासाठी माझा पासवर्ड चालू होता. तो काढून घ्यावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मोजणारीला कोण मोजतं.

सोळा मेपासून मी वाट बघितली. रोज संध्याकाळी निघण्याआधी ते लपलेलं पान वाचायचे. सरांनी एकंदर एकसष्ट वेळा फिल्टर लावला आणि सतरा वेळा तसाच ठेवून गेले. सतराही वेळा मला बरं वाटलं. दरम्यान ते येता-जाता मोजणीच्या टेबलापाशी थांबायचे आणि विचारायचे, काय तायडे, दिसतंय ना. मी म्हणायचे, हो सर, दिसतंय.

चार जूनच्या शनिवारी थांबवायची यादी त्यांनी स्वतः काढली. बारा वाजून दहा मिनिटांनी मी आकडे भरायला शीट उघडली, तेव्हा शेवटच्या रकान्यात ते नाचणीएवढं नरसाळं होतं. कारंजा केंद्र वगळलेलं. एकूण ओळी चारशे अठरा, दिसणाऱ्या तीनशे चव्वेचाळीस, लपलेल्या चौऱ्याहत्तर. मी गोदामात जाऊन फळ्यावरची यादी बघितली. बारा लॉट. असायला हवे होते एकोणीस. सात नापास लॉटांना चिठ्ठी लागणार नव्हती.

फळ्यापाशी मी उभी राहिले. गोदामाचे फोरमन शेजारीच चहा पीत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांना विचारलं की ट्रक केव्हा सुटणार. ते म्हणाले, बुधवारी सकाळी. आणि मंगळवारी अकरा वाजता मालक चांडक साहेब हंगामाचा आढावा घ्यायला येणार होते. त्या बैठकीत राजूरकर सर दरवर्षी हीच शीट भिंतीवर मोठी करून दाखवायचे. मंगळवार बुधवारच्या आधी येतो. मी हिशोब केला आणि परत येऊन माझे आकडे भरले. फिल्टरला बोट लावलं नाही.

सोमवारीही नाही. सोमवारी संध्याकाळी फाटकाबाहेर कौतिकाबाई ऑटोची वाट बघत उभ्या होत्या, पायाशी तीस-तीस किलोच्या दोन पिशव्या. त्यांच्यानं एकटीनं उचलेना, म्हणून एक मी उचलून ऑटोत ठेवली. आभाळ भरून येईल असं त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यात मंगळवार होता.

मंगळवारी दहा पन्नासला मी त्या चौकटीतलं शून्य पुसून एक लिहिलं.

बैठकीला सगळे होते. विश्लेषक खुर्च्यांवर, मोजणीवाल्या मागं भिंतीला टेकून. राजूरकर सरांनी या हंगामात प्रयोगशाळेनं किती काटेकोर काम केलं ते सांगितलं. मेमध्ये एक चूक झाली होती, ती संबंधित व्यक्तीला योग्य जागी बसवून सुधारली, असंही सांगितलं. मग त्यांनी फाईल उघडली.

भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी उमटली. अक्षरं वीतभर.

चांडक साहेबांनी चष्मा वर केला. "राजूरकर, हे लाल काय आहे?"

"काहीतरी व्हायरस असेल साहेब."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. चारशे अठरा ओळींपैकी तीनशे चव्वेचाळीस दिसत आहेत. चौऱ्याहत्तर लपल्या आहेत. फिल्टर केंद्राच्या रकान्याला. "लपल्या म्हणजे गेल्या कुठे?"

"कुठेच नाही साहेब," मी मागून म्हटलं. "फिल्टर काढला की दिसतील."

साहेबांनी तो काढायला लावला. पट्टी पांढरी झाली. नापास लॉट मोजले, एकोणीस. गोदामातून यादी मागवली, बारा. यादीवर सही राजूरकरांची. सर एकदा भिंतीकडे आणि एकदा यादीकडे बघत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या तशा होताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या.

"लक्षात आलं नाही साहेब," ते म्हणाले. "खूण फार बारीक असते. कुणालाही दिसणार नाही."

एक महिना मी हे वाक्य तोंडात धरून बसले होते. "सर, डोळे तपासून घ्या," मी म्हटलं.

या खेपेला तेच दोघं पुन्हा हसले.

साहेबांनी फोरमनला बोलावून विचारलं, या सातांपैकी काही बाहेर गेलंय का. फोरमन म्हणाले, एकही ट्रक सुटलेला नाही. सातही थप्प्यांना तिथल्या तिथं चिठ्ठ्या लागल्या. पट्टी कुणी केली ते साहेबांनी विचारलं; मी म्हटलं, मी केली, आणि नोंदींचं ते लपलेलं पान दाखवते म्हणाले. त्याची छापील प्रत द्यायला त्यांनी सांगितलं.

मी संगणकापाशी गेले. त्या पानावर शनिवारी बारा दहाची एक ओळ होती: हर्षला तायडे, फाईल उघडली, फिल्टर चालू, फिल्टर न काढता बंद केली. सोमवारचीही तशीच एक. मी त्या ओळी पुसल्या नाहीत. नोंद पुसणं मला कधी जमलं नाही. मी फक्त नावाच्या रकान्याला राजूरकर हा फिल्टर लावला आणि प्रत काढली. त्या पानाला लाल पट्टी मी लावलेली नव्हती.

"आणि तुझ्या हे केव्हा लक्षात आलं?" कागद घेताना साहेबांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं.

आठवड्याभरात राजूरकर सरांची बदली पॅकिंगच्या शेडमध्ये झाली. जाण्याच्या दिवशी त्यांनी आपलं टेबल आवरलं, ते मी दारातून बघितलं. माझं नाव सह्यांच्या यादीत परत आलं, वर एक पायरी चढवून. त्या दिवसांत मला भूक चांगली लागायची. झोपही गाढ.

पाऊस एकोणीस जूनला पडला. चांगला पडला, पेरण्या झाल्या. महिनाअखेरीला कौतिकाबाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या मोजणीच्या टेबलापाशी न जाता सरळ माझ्या टेबलापाशी. हातात पिशवीचं कापून आणलेलं लेबल होतं.

"पाऊस बरा झाला, वावर बी चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "उगवलंच नाई मा. हे पाह्यतं का जरा, कोन्ता माल होता?"

दरवर्षी पेरणीआधीच्या सोमवारी कर्मचाऱ्यांना फाटकावरच्या खिडकीतून दोन-दोन पिशव्या मिळायच्या. ज्या थप्पीला चिठ्ठी नाही, तिच्यातून. त्याची वही वेगळी, ट्रकांशी तिचा संबंध नसे. फोरमननं दिलेलं उत्तर खरंच होतं.

लेबलावर नंबर होता २२१७.

दुसऱ्या दिवशी मी टेप, चिमटा आणि खुरपं घेऊन त्यांच्या शेतावर गेले. पेरणीपासूनचा बारावा दिवस होता. तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, चार-दोन रोपं, मग मोकळी जागा, मग एखादं रोप. बांधावर चपला काढून त्या माझ्यामागून आल्या. एका तासापाशी मी बसले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"त्या लाल पट्टीमांगं हा नंबर होता?"

"होता."

"तुले कवा दिसला?"

मी खुरपं खाली ठेवलं. "शनिवारी."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पिशव्या मी सोमवारी नेल्या."

"हो."

"एक तं तूच उचलून देली."

मी टेपचं टोक मातीवर धरलं. त्या तासाच्या पलीकडून चालत आल्या, खाली बसल्या आणि माझ्या हातातल्या टेपचं दुसरं टोक धरलं.

"मोज," त्या म्हणाल्या.

दहा ठिकाणी एकेक मीटर मोजलं. माती उकरून खालचेही दाणे काढले. नीट उगवलेली रोपं एकसष्ट. विकृत सहा. कुजलेले दाणे एकशे तेरा. बेरीज एकशे ऐंशी. उगवण तेहतीस पूर्णांक नऊ टक्के.